कोणत्याही देवळाच्या

“‘सार्वजनिक’चा ‘नि’ ऱ्हस्व,” बाबा म्हणाले आणि त्यांनी कानावरची लाल पेन्सिल काढली. “जग बदलायला निघालीस, आणि अर्जातच दीर्घ?”

मी म्हटलं, तपासून द्या लवकर, मला टाइप करायचाय. नगरपालिका पाचला बंद होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीकडे धरला आणि शाळेत निबंध तपासायचे तसे ओळीओळीवर थांबत वाचायला लागले. अर्ज त्यांच्याच कीर्तनाविरुद्ध होता. म्हणजे नाव कुठं नव्हतं, पण बाजारतळावर दर पंचवीस डिसेंबरला संध्याकाळी नाताळचं कीर्तन करणारा माणूस कोळपेठेत एकच होता, तो म्हणजे माझा बाप, शांतवन पाटोळे गुरुजी. आणि ते मैदान नाताळाला देऊ नये असा अर्ज करणारी बाई पण एकच होती. त्यांचीच मुलगी.

माझं नाव सुवार्ता. देव न मानणाऱ्या बाईला हे नाव म्हणजे आंधळ्याचं नाव नयनसुख, हे मला लोक वर्षानुवर्षं ऐकवत आलेत, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका. मिशनच्या आवारात वाढले, रविवारच्या शाळेत वचनं पाठ करून बक्षिसं मिळवली, आणि आई गेली त्या वर्षी सगळ्यांची प्रार्थना ऐकता ऐकता मला कळून चुकलं की पलीकडे कोणी ऐकत नाहीये. रडले नाही, भांडले नाही. बाबांना सांगितलं, मी उद्यापासून देवळात येणार नाही. त्यांनी हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, बरं. त्यांना किती लागलं हे मला त्या ‘बरं’वरून कळलं, पण मी गेले नाही ती गेलेच नाही. आमचं घराणं हट्टी आहे.

हे मी सांगते ते सत्त्याऐंशी सालचं. मी सव्वीस वर्षांची, लग्नाचा विषय काढणाऱ्याला दारातूनच वाटेला लावणारी. घराच्या पुढच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास. पोरींना पहिल्या दिवशी शिकवायचे ते एकच, डोळे कागदावर, बोटं कळांवर, आणि डोकं बाजूला. टायपिस्टनं मजकूर वाचायचा नसतो, उतरवायचा असतो. वाचायला लागलात की चुकलात.

बाबांनी दोन-तीन ठिकाणी पेन्सिल चालवली, कागद परत दिला, आणि म्हणाले, “शुद्ध केलाय. आता टाइप कर.” मी मशीनवर बसले आणि केला. डोकं बाजूला ठेवून.

*

गावात ख्रिस्ती लोकांच्या संगतीला मंडळी म्हणत, आणि आम्ही पाच-सात नास्तिकांनी काढलं होतं ते विवेक मंडळ. मंडळ आणि मंडळी. पोस्टमन आमची पत्रं त्यांच्याकडे टाकायचा आणि त्यांची आमच्याकडे. मंडळाचे अध्यक्ष कुलथे वकील. माणूस हुशार, वाचन दांडगं, बोलायला लागला की समोरचा आपलंच म्हणणं विसरून जाई. भुतं काढणाऱ्या एका बुवाला त्यांनी भर चौकात उघडं पाडलं होतं, तेव्हापासून मी त्यांना मानत होते. दर नाताळाला ते आमच्याकडे करंज्या खायला पण यायचे. म्हणायचे, करंजीला धर्म नसतो.

त्या वर्षी त्यांनी ठरवलं की आता नाताळावर बोलायचं. गावच्या साप्ताहिकात लेख आला. कुमारीला मूल कसं झालं, चांदणी एका गोठ्यावर येऊन थांबली तर बाकीचं आकाश काय करत होतं, आणि नगरपालिकेच्या मैदानावर कराच्या पैशातल्या दिव्याखाली हे सगळं खरं म्हणून का सांगायचं. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेबांचं उत्तर आलं. आमचे पाळक अल्हाटसाहेब तापट. त्यांनी लिहिलं, ज्यांना दिव्याचा त्रास होतो त्यांनी खुशाल अंधारात बसावं, पण आमचा दिवा फुंकायला येऊ नये. मग वाचनालयात जाहीर वाद झाला. दोन्हीकडचे लोक घसा बसेपर्यंत बोलले आणि कोणी कोणाचं ऐकलं नाही. एका बाजूनं ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ झालं, दुसऱ्या बाजूनं शाप द्यायचे तेवढे राहिले. चहावाल्याचा धंदा मात्र चांगला झाला.

शेवटी कुलथे वकिलांनी अर्जाची टूम काढली. मजकूर त्यांनी तोंडी सांगितला, मी लिहून घेतला. अर्जदार म्हणून नाव माझं घालायचं, हेही तेच म्हणाले. तुम्ही चिटणीस आहात, आणि तुम्ही त्यांच्यातल्याच, म्हणजे आपल्यावर कोणी जातीयवादाचा आरोप करणार नाही. मला त्यात अभिमानच वाटला. मी फक्त एवढं विचारलं, त्याच मैदानावर गणपती बसतो, भैरवनाथाची जत्रा भरते, त्याचं काय? ते म्हणाले, एकेक पायरी, सुवार्ताबाई. आधी हे होऊ दे. पुढच्या वर्षी ते.

बाबांना मी त्याच दिवशी सांगितलं. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं. म्हटलं, मी देव मानत नाही, मैदान सगळ्यांचं आहे, तिथं कुणाचाच देव नको. तुमचं कीर्तन देवळात करा.

“देवळात केलं तर आपलेच लोक ऐकतात,” बाबा म्हणाले. “त्यांना गोष्ट पाठ आहे. बाजारतळावर ज्यांना पाठ नाही ते येऊन बसतात. भाजीवाल्या बसतात, हमाल बसतात. बाजारतळ गेला की माझं कीर्तन गेलं, सुवार्ता. देवळात होईल ती उपासना.”

मी म्हटलं, तरी मी अर्ज करणार. ते म्हणाले, कर, पण शुद्ध लिही, दाखव मला. आमच्यात असंच होतं. तिसरीपासून माझा एकही कागद त्यांच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. नोकरीचे अर्ज, मैत्रिणींना पत्रं, मंडळाची पत्रकं सुद्धा. देव नाही असं सिद्ध करणाऱ्या माझ्या पहिल्या पत्रकात त्यांनी अनुस्वार दुरुस्त केले होते.

घरात एस्तेर आत्या होती, बाबांची थोरली बहीण. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. पण नाताळाचं फराळाचं काम दोघींशिवाय होण्यासारखं नव्हतं, म्हणून ती बाबांना मध्ये घालायची. मी शेजारी बसलेली असायची आणि ती म्हणायची, शांतवन, तिला म्हणावं सारण ढवळ, खाली लागतंय. बाबा म्हणायचे, सुवार्ता, सारण ढवळ. मी ढवळायची. बाबांच्या कीर्तनाविरुद्ध अर्ज आणि त्यांच्या कीर्तनाच्या करंज्या, दोन्ही माझ्याच हातानं चाललं होतं, आणि मला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. करंजी ही करंजी असते.

*

नगरपालिकेची सभा दुपारची होती. एरवी गटारांच्या विषयाला कुत्रं फिरकत नाही, पण त्या दिवशी सभागृह भरून लोक व्हरांड्यात उभे होते. एका बाजूला मंडळी, इस्त्रीचे कपडे घालून, जणू लग्नाला आलेत. दुसऱ्या बाजूला आम्ही. मागं भिंतीशी बाबा, गळ्याला मफलर गुंडाळून. त्यांचा घसा त्या वर्षी धरला होता आणि डॉक्टरांनी बोलायला मना केलं होतं. ते गरम पाण्याच्या गुळण्या करून कीर्तनासाठी आवाज राखत होते.

नगराध्यक्ष ढोकणे आबा खुर्चीत. भला माणूस, पण वाद म्हटलं की त्याला झोप यायची. आधी कुलथे वकील बोलले. खरं सांगते, छान बोलले. म्हणाले, श्रद्धा घरात ठेवा, आमचं काही म्हणणं नाही. पण नगरपालिकेला धर्म नसतो, तेव्हा तिच्या मैदानालाही नसावा. मला प्रत्येक शब्द पटला. आजही पटतो. मग पाळकसाहेब उठले. म्हणाले, आम्ही गावात मूठभर. वर्षातून एक संध्याकाळ मागतो. वर्षभर तिथं काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा कोणाला विवेक आठवत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मंडळीतून टाळ्या पडल्या. आमच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं की मुद्द्याला धरून बोला. मग दोन्हीकडून एकच गलका झाला.

आबांनी टेबलावर हात आपटला. मनातून त्यांचं ठरलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. मंडळीची मतं किती, तर एका आळीपुरती. कुलथे वकील पुढच्या निवडणुकीला कामाचे. ते म्हणाले, अर्ज वाचा, हात वर करा आणि घरी चला. लेखनिक उठला आणि सरकारी सुरात वाचायला लागला.

“…तरी बाजारतळाचे सार्वजनिक मैदान यापुढे गावातील कोणत्याही देवळाच्या उत्सवास देण्यात येऊ नये, ही विनंती.”

मला त्यात काहीच खटकलं नाही. आमच्या घरातला शब्दच तो. पण आबांची झोप उडाली.

“कुठल्या देवळाच्या?”

“कोणत्याही,” लेखनिक म्हणाला. “असं लिहिलंय.”

“भैरवनाथाच्या पण?”

आता हे सांगायला हवं की भैरवनाथाच्या देवस्थानाचे विश्वस्त स्वतः आबाच. चैत्रात जत्रा त्याच मैदानावर भरायची. कुस्त्या, पाळणे, तमाशा, सगळं. सभागृहात कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यावरून मला कळलं की काय झालंय. नगर भागातले आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतो. देवळाची घंटा, देवळातलं लग्न, देवळात गेलेत. आम्हाला त्यात दुसरा अर्थ ऐकू येत नाही. बाकी गावाला फक्त दुसराच ऐकू येतो.

कुलथे वकील पांढरेफटक पडले. अर्ज न वाचता त्यांनी खाली सही केली होती. वाचून सही करा म्हणून अशिलांना दरडावणारे वकील स्वतः कधी वाचत नाहीत. पण ते सावरले लगेच. उठून म्हणाले, लिहिण्यातली चूक आहे, अध्यक्षमहाराज. ‘देवळाच्या’ऐवजी ‘चर्चच्या’ असं वाचावं. अर्जदार इथंच आहेत, त्या दुरुस्ती करून बाजूला सही करतील.

लेखनिकानं अर्ज माझ्यासमोर आणून ठेवला. कुलथे वकिलांनी स्वतःचं शाईचं पेन टोपण काढून माझ्या हातात दिलं आणि खाली वाकून हळूच म्हणाले, एक शब्द खोडा, आत्ता पास होतंय.

मी पेन घेतलं. मान वर केली तर समोर मंडळीच्या पहिल्या बाकावर एस्तेर आत्या. कित्येक दिवसांनी ती सरळ माझ्याकडे बघत होती. बाबांकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर नंतर मला कळलं नसतं की मी केलं ते कोणासाठी केलं. मी त्या कागदाकडे बघत होते. ‘कोणत्याही देवळाच्या’ म्हटलं की सगळे आले. ‘चर्चच्या’ म्हटलं की माझा बाप, आत्या आणि हे इस्त्रीचे कपडे घालून आलेले लोक, एवढेच राहिले. आणि त्याच्याखाली सही माझी. पुढच्या वर्षी बाकीचं, असं कुलथे वकील म्हणाले होते. समोर आबा ढोकण्यांचा चेहरा बघितल्यावर ते पुढचं वर्ष कधी येणार नाही, हे कळायला वकिली शिकायला नको होती.

मी पेनाला टोपण लावलं आणि उभी राहिले.

“आबा, चूक नाही. शब्द बरोबर आहे.”

कुलथे वकिलांनी माझी बाही ओढली. मी सोडवून घेतली.

“आमच्या घरी चर्च म्हणत नाहीत. मला देवळात बाप्तिस्मा दिला, माझ्या आईची शवपेटी देवळातून निघाली, आणि मी जायचं सोडलं ते पण देवळातच जायचं सोडलं. मी कुठलाच देव मानत नाही. मैदानावर कुठलाच नको, असं माझं म्हणणं आहे. भैरवनाथ नको, गणपती नको, आणि माझ्या बापाचं कीर्तनही नको. सगळ्यांना बंद करायचं असेल तर हा अर्ज पास करा. फक्त मंडळीला बंद करायचं असेल तर त्यावर माझी सही मिळणार नाही.”

आबांनी मला परोपरीनं समजावलं. बाई, अर्ज मागे घ्या, विषय मिटला. मी म्हटलं, मागे घेणार नाही, आहे तसा मताला टाका. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, ज्यांना भैरवनाथाची जत्रा बंद करायची आहे त्यांनी हात वर करावा. एकही हात वर गेला नाही. आबांनी अर्ज फेटाळला आणि सुंठेवाचून खोकला गेल्यासारखा सुस्कारा टाकला. मैदान होतं तसं राहिलं, सगळ्यांचं.

मंडळीत आनंदीआनंद झाला. पाळकसाहेब हात उंचावून म्हणाले की हरवलेलं मेंढरू परत आलं, प्रभूची स्तुती असो. आता मी गप्प बसले असते तर माझं आयुष्य पुष्कळ सोपं झालं असतं. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण खोटा आनंद कोणाला द्यायचा आणि किती दिवस?

“पाळकसाहेब, मी हरवले नव्हते,” मी म्हटलं. “इथंच होते, टायपिंगच्या क्लासात. आणि परतही आलेले नाही. रविवारी वाट बघू नका.”

त्यांचा हात हवेतच राहिला. आत्यानं तोंड फिरवलं. बाहेर व्हरांड्यात कुलथे वकिलांनी मला गाठलं आणि म्हणाले, कुंपणानंच शेत खाल्लं. रक्त शेवटी आपल्या वळणावर गेलं. मला ते फार लागलं. ज्याला मानलं त्याच्याकडून लागतं तसं. मी त्यांना म्हटलं, वकीलसाहेब, तुम्हीच मला शिकवलंत की नियम सगळ्यांना सारखा. मी तेवढाच धडा पाठ केला, पुढचा मला येत नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी मला चिटणीसपदावरून काढल्याचं कळवलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं.

*

घरी आले तर बाबा ओसरीवर चिपळ्यांना तेल लावत बसले होते. मी समोर बसले. सभेपासून मनात होतं ते बोलून टाकलं.

“बाबा, मी ‘चर्चच्या’ लिहिलं होतं.”

“हो.”

“वकिलांनी सांगितलं तसंच लिहिलं होतं. तुम्ही ते खोडून ‘देवळाच्या’ केलंत.”

“केलं,” ते म्हणाले. “सार्वजनिक दुरुस्त केलं, नगरपालिका दुरुस्त केलं, आणि ते पण.”

मी टाइप करताना पाहिलं नव्हतं. डोकं बाजूला ठेवलं होतं ना. आणि पाहिलं असतं तरी मला ते रोजच्या बोलण्यातलंच वाटलं असतं. म्हटलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं की आबा ढोकणे दचकतील.

“ढोकणेला मी चौथीत शिकवलंय. स्वतःवर आल्याशिवाय त्याला धडा कधी कळला नाही.”

मला राग आला. खूप आला. म्हटलं, म्हणजे तुम्ही मला फसवलंत. कीर्तनासाठी स्वतःच्या मुलीच्या कागदात खोड्या केल्या. बाबांनी चिपळ्या खाली ठेवल्या. आवाज बसलेला होता, म्हणून मला पुढं सरकावं लागलं.

“लाल पेन्सिलीनं कोणी फसवत नाही, सुवार्ता. दुरुस्ती दिसावी म्हणूनच ती लाल असते. कागद मी तुझ्या हातात दिला होता. तू मला तोंडानं म्हणालीस, मैदानावर कुणाचाच देव नको. आणि लिहिलंस मात्र फक्त आपला. बोललेलं एक आणि लिहिलेलं एक. त्याला अशुद्ध म्हणतात. मी ते शुद्ध केलं.”

“आणि मी आज सभेत तो शब्द खोडला असता तर?”

“तर देवळात उपासना केली असती,” ते म्हणाले. “तुझ्या हातात पेन होतं, मी काय करणार होतो? शब्द मी घातला. ठेवला तू.”

मी विचारलं, तुम्हाला बरं वाटलं का? त्यांनी मफलर नीट केला.

“तू देव मानत नाहीस याचं मला दुःख आहे. रोज आहे, मरेपर्यंत राहील. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण माझी मुलगी एकाला एक आणि दुसऱ्याला एक सांगत नाही, हे आज मी गावासमोर पाहिलं. मागं भिंतीशी उभा होतो ते बरं झालं, नाहीतर लोकांना माझं तोंड दिसलं असतं.”

आत स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. शांतवन, तिला म्हणावं करंज्या तळायच्या आहेत, तिथं बसून काय राहिलीस. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ऐकलं, आणि उठले.

पंचवीस तारखेला बाजारतळ कधी नव्हे एवढा भरला. वादामुळे सगळ्यांना कीर्तन ऐकायचं होतं. आबा ढोकणे पहिल्या रांगेत येऊन बसले. कुलथे वकील पण आले, पण मैदानात पाय ठेवला नाही. रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीशी सबंध वेळ उभे राहिले. मी त्यांचा करंज्यांचा डबा तिथं नेऊन दिला. त्यांनी घेतला. धोतर, उपरणं, हातात चिपळ्या, आणि बसलेल्या आवाजात बाबांनी गोठ्यातल्या बाळाची गोष्ट सांगितली. भाजीवाल्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मी पुढंच बसले होते. गोष्ट चांगली आहे, मी कधी नाही म्हटलेलं नाही.

शेवटी प्रार्थनेला सगळे उठले. मी बसून राहिले. आत्यानं उभ्यानंच पायानं ढोसलं. चारी बाजूंनी माना माझ्याकडे वळल्या आणि कुजबुज सुरू झाली. बाबा डोळे मिटून थांबले होते, ते उघडून त्यांनी पाहिलं.

“उभे आहेत त्यांनी उभं राहावं,” ते म्हणाले, “आणि बसलेत त्यांनी बसावं. प्रार्थना मी करणार आहे, त्यात कोणाच्या गुडघ्यांचं काय काम.” आणि परत डोळे मिटले.

पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा अर्ज केला. मंडळ नव्हतं, चिटणीसपद नव्हतं. अर्जदार सुवार्ता पाटोळे, राहणार मिशन आवार. मजकूर तोच, कोणत्याही देवळाच्या उत्सवास देण्यात येऊ नये. तो फेटाळला गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. नगराध्यक्ष बदलले, लेखनिक निवृत्त झाला, अर्ज बदलला नाही. नवा लेखनिक मला बघून हसायचा आणि शिक्का मारायचा. दरवर्षी अर्ज फेटाळला जायचा, दरवर्षी बाबा कीर्तन करायचे, आणि मी पुढं बसून ऐकायची. आणि दरवर्षी तो अर्ज नगरपालिकेत जाण्याआधी बाबांच्या पेन्सिलीखालून जायचा. कधी वेलांटी, कधी विरामचिन्ह, काहीतरी ते काढायचेच. आता मी टाइप करण्याआधी वाचायची.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणावर होते. कीर्तनाला उभं राहता येणार नव्हतं, मंडळीनं खुर्ची ठेवायचं ठरवलं होतं. मी अर्ज त्यांच्या हातात दिला आणि पेन्सिल शोधून दिली. त्यांनी खिडकीकडे कागद धरून नेहमीसारखं ओळीओळीवर थांबत वाचलं. पेन्सिल कुठंच टेकवली नाही. कागद मला परत दिला.

“शुद्ध आहे,” म्हणाले. “आता मला धोतर दे.”

अर्ज मी अजून करते. चुका राहत असतील आता. सांगणारं कोणी नाही.